टायमरची पेटी आणि बोलण्यातले थांबे : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

फोन ठरावीक वेळेपुरता कुलूपबंद करून ठेवणारी टायमरची पेटी मी अकरा महिन्यांपूर्वी घेतली आणि तेव्हापासून ती जवळजवळ रोज संध्याकाळी वापरते आहे. परीक्षण लिहायला मी मुद्दामच इतके दिवस थांबले, कारण अशा वस्तूंविषयी पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या मजकुरात नव्याची नवलाईच अधिक उतरते, आणि मला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते ते आठवड्याभरात हाती लागण्यासारखे नव्हते. फोन जवळ नसला म्हणजे मी समोरच्या माणसापाशी खरोखर असते का, त्याचे बोलणे माझ्यापर्यंत पूर्ण पोहोचते का, हा तो प्रश्न. फोनचा वापर दिवसाला किती मिनिटांनी घटला याची मोजदाद मी ठेवलेली नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांना स्वतःच्या फोनमध्येच ते आकडे मिळतील.

पेटी घ्यायला निमित्त झाली माझी आठ वर्षांची मुलगी. तिला काही सांगायचे असले की ती आधी लांबून हाक मारत असे, मग जवळ येऊन माझ्या कोपराला बोट लावत असे, आणि तरीही माझी मान वर झाली नाही तर माझी हनुवटी तळहातात धरून माझा चेहरा स्वतःकडे वळवत असे. "आई, इकडे बघून ऐक," असे म्हणायची. एका संध्याकाळी ती चित्राचा कागद घेऊन माझ्या खुर्चीपर्यंत आली, क्षणभर उभी राहिली, माझ्या हातातल्या स्क्रीनकडे तिने पाहिले आणि काही न बोलता परत गेली. ती येऊन गेल्याचे मला डोळ्यांच्या कडेने दिसले होते, पण त्याचा अर्थ तासाभराने लागला, जेव्हा तो कागद चार घड्या घालून तिच्या वहीत ठेवलेला दिसला. तिने हाक मारलीच नव्हती. हाक मारून उपयोग होत नाही, हे तिने अनुभवावरून ठरवून टाकले होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयावर वाचताना वारंवार भेटतो. त्यात आई आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी आधी नेहमीसारखी खेळते आणि नंतर थोडा वेळ बाळाकडे पाहत राहूनही चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसते, हात पुढे करते, आवाज काढते, आईला परत मिळवण्यासाठी आपल्याजवळचे सगळे करून पाहते, आणि कशाचाच उपयोग होत नाही असे दिसल्यावर तोंड फिरवते. माझी मुलगी आता तान्ही नाही, आणि एका प्रयोगावरून घराघराविषयी निष्कर्ष काढू नयेत, हे मला समजते. पण आधी प्रयत्न आणि मग माघार हा क्रम मला ओळखीचा वाटला, कारण तो माझ्या खुर्चीपाशीच घडला होता. दुसऱ्या दिवशी मी पेटी मागवली.

पेटी दिसायला साधी आहे. धुरकट, जाड प्लास्टिकचा चौकोनी डबा, त्यावर घट्ट बसणारे पांढरे झाकण, झाकणाच्या मध्यभागी फिरवायचा नॉब आणि नॉबशेजारी आकडे दाखवणारा छोटा पडदा. आत मोठ्या आकाराचे चार फोन सहज मावतात. नॉब फिरवून मिनिटे, तास किंवा दिवस ठरवायचे आणि तोच नॉब दाबायचा, की पाच सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात विचार बदलला तर पुन्हा दाबून ती थांबवता येते. पाच सेकंद उलटले की आतला खटका सरकतो आणि ठरवलेली वेळ संपेपर्यंत झाकण उघडत नाही. चावी नाही, पासवर्ड नाही, अडचणीच्या वेळी वापरायचा कोणता गुप्त क्रमांकही नाही. पेटी दोन पेन्सिल सेलवर चालते, आणि सेल उतरत आले असतील तर ती कुलूप लावायचेच नाकारते, त्यामुळे मध्येच बंद पडून फोन आत अडकण्याची धास्ती राहत नाही. मागच्या बाजूला चार्जरची वायर आत घेण्यापुरते भोक आहे. बांधणी मजबूत आहे. एकदा कपाटावरून खाली पडूनही झाकणाला तडा गेला नाही.

त्या पाच सेकंदांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण पेटीचा खरा कस तिथेच लागतो. पहिल्या काही दिवसांत मी ती मोजणी पुन्हा पुन्हा थांबवत होते. एखादा निरोप पाहायचा राहिलेला असायचा, उद्याच्या कामाची वेळ एकदा तपासून घ्यावीशी वाटायची, कुणाला तरी 'नंतर बोलते' एवढे कळवायचे असायचे. प्रत्येक कारण खरे होते आणि त्यातले एकही तासभर थांबू शकले नसते असे नव्हते. शेवटी नॉब दाबण्याचे काम मी मुलीकडे दिले. ती सगळ्यांचे फोन गोळा करते, एकावर एक रचते, नॉब दाबते आणि पडद्यावरचे आकडे मोठ्याने म्हणते. मग खटका सरकल्याचा 'टक्' असा आवाज येतो, तो शेजारच्या खोलीतही ऐकू जातो. त्या आवाजाची किंमत मला उशिरा कळली. खिशातला फोन सायलेंट करणे हा माझा माझ्याशी केलेला करार असतो, समोरच्याला त्याची कल्पना नसते, त्यामुळे आपल्याला मिळालेला वेळ कुठल्याही क्षणी काढून घेतला जाईल अशा धास्तीने तो घाईघाईने आणि तुटक बोलतो. खटक्याचा आवाज घरातल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. पुढचा पाऊण तास आई कुठेही जाणार नाही, हे मुलीला माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मानावे लागत नाही. तिचे बोलणे त्यामुळे किती बदलले म्हणून सांगू! ती आता गोष्ट सुरुवातीपासून सांगते, मध्ये एखाद्या मैत्रिणीच्या वहीचे वर्णन करते, विसरलेला भाग आठवून मागे जाते. पूर्वी ती मला थेट शेवटच सांगत असे.

तरीही पेटीचा सर्वांत मोठा उपयोग मला झाला तो वडिलांबरोबर, आणि पेटी घेताना तो माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि आमच्याबरोबरच राहतात. त्यांची स्मृती उत्तम आहे, पण बोलण्याची गती वयाबरोबर मंदावली आहे. एखादे वाक्य पूर्ण करून ते थांबतात, समोर कुठेतरी पाहत राहतात, आणि पुढचे वाक्य येईल की नाही याचा ऐकणाऱ्याला अंदाज येत नाही. संभाषणातल्या अशा थांब्यांची आपल्या कानांना सवय नसते. भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००९ मध्ये जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतले अंतर भाषेभाषेत थोडे कमीअधिक असले, तरी सरासरीने ते सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढेच निघाले. एक शब्द मनात जुळवून उच्चारायलाच याहून काही पट वेळ लागतो, त्यामुळे समोरचा बोलत असतानाच आपण आपले उत्तर रचायला घेतलेले असते. अशा वेगाला सरावलेल्या माणसाला तीन सेकंदांची शांतता म्हणजे संभाषण संपल्याची खूण वाटते. वडील थांबले की माझा हात आपोआप फोनकडे जात असे, आणि मी त्यांचे बोलणे अर्धवट तोडते आहे असे मला कधी वाटलेच नाही; माझ्या समजुतीप्रमाणे ते बोलून झालेले असत.

आजीच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या पत्रांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वडील शिकायला दूर राहत होते, आजी दर पंधरवड्याला पत्र लिहीत असे, तिचे अक्षर उजवीकडे झुकलेले असे, आणि कागद वाया जाऊ नये म्हणून ती समासातही उभे लिहीत असे. "समासातलं वाचायला पत्र आडवं धरावं लागायचं," इथे ती गोष्ट नेहमी संपत असे. पेटी आणल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ती पुन्हा सांगितली. मुलगी माझ्या मांडीवर डोके ठेवून पडली होती, फोन आत होते. वडिलांनी पत्र आडवे धरल्यासारखा हात केला, समासाचे वाक्य म्हटले आणि ते थांबले. माझ्या उजव्या हाताची बोटे खुर्चीच्या हातावर फोन शोधत फिरली, हे मला स्पष्ट आठवते. काही सापडले नाही म्हणून मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते त्यांच्या हाताकडे पाहत होते, तो हात अजून तसाच आडवा होता. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "तिचं शेवटचं पत्र मी चार दिवस उघडलंच नव्हतं. परीक्षा होती. उघडलं तेव्हा तार येऊन गेली होती."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हते आणि त्यांना माझ्याकडून काही हवे होते असेही दिसले नाही. थोड्या वेळाने त्यांनी नातीला विचारले की तिला उभे अक्षर वाचता येते का, आणि ती उठून कागद आणायला गेली.

ही गोष्ट मी निदान पंधरा-वीस वेळा ऐकली असेल. दर वेळी तो थांबा तिथेच असणार, आणि दर वेळी मी त्याला शेवट समजून उठले असणार किंवा स्क्रीनकडे वळले असणार. माणसे जपून ठेवलेले बोलणे अशा थांब्यांच्या पलीकडे ठेवतात असे मला आता वाटते, आणि तिथवर जायला ऐकणाऱ्याने थोडा वेळ निव्वळ बसून राहावे लागते. पेटीने मला एवढेच करायला भाग पाडले. माझ्या दृष्टीने तिची सगळी किंमत त्या एका संध्याकाळीच वसूल झाली, पुढचे दोष सांगताना हे मी विसरलेले नाही.

पहिला दोष पडद्याचा. उरलेली वेळ त्यावर सतत दिसते आणि सेकंदही दिसतात. खोलीत कुठेही हलणारा आकडा असला की नजर तिकडे जातेच. काही दिवसांनी माझ्या लक्षात आले की आम्ही सगळेच अधूनमधून पेटीकडे पाहतो आहोत, म्हणजे फोनची जागा फोनच्या कुलपाने घेतली होती. आता आम्ही पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतो, तिथे पडदा नजरेच्या रेषेत येत नाही. निर्मात्यांनी कुलूप लागल्यावर पडदा मालवण्याची सोय द्यायला हवी होती. दुसरा दोष वेळ संपल्यावर वाजणाऱ्या सुराचा. तो मोठा आहे, कमी करता येत नाही, आणि कोणी काही बोलत असले तरी मध्येच वाजतो. वाक्य तुटते, सगळे उठतात, आणि ज्याचे बोलणे अर्धवट राहिले तो बहुधा ते पुन्हा सुरू करत नाही. यावर आम्ही घरात एक नियम केला आहे, की सूर वाजला तरी ज्याचे बोलणे चालू आहे त्याचे संपेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. नियम पाळला जातो, पण बोलणारा स्वतःच आटोपते घेतो, हे काही टळलेले नाही.

डबा धुरकट असल्यामुळे नोटिफिकेशन आले की आतला उजेड बाहेर दिसतो. तो लपावा म्हणून मी आत काळ्या कापडाचे अस्तर घातले, आणि त्यातून एकदा चांगलीच पंचाईत झाली. कापडाची कड झाकणाच्या खाचेत अडकली, वेळ संपली, सूर वाजला, पण खटका अर्धाच सरकला. पेटी उघडेना. सेल काढून पुन्हा घातले, झाकण दाबून पाहिले, शेवटी पातळ पट्टीने कापड आत ढकलले तेव्हा खटका सुटला. त्यात अर्धा तास गेला. चूक माझीच होती, पेटीसोबतच्या माहितीपत्रकात आत काही सैल ठेवू नये असे लिहिलेले आहे. पण त्या अर्ध्या तासात कुणाची तातडीची निकड निघाली असती तर काय झाले असते, हा विचार मनातून गेला नाही. आता अस्तर डिंकाने चिकटवले आहे आणि एक फोन कायम बाहेर असतो.

या बाहेरच्या फोनाविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण इथे पेटी काही घरांना मुळीच उपयोगाची नाही. माझ्या नवऱ्याला कामाच्या ठिकाणाहून पाळीनुसार कुठल्याही वेळी बोलावणे येऊ शकते. ज्या घरात आजारी माणूस आहे, लांब राहणारे वृद्ध आईवडील आहेत, किंवा ज्यांच्या कामात दुसऱ्याचा जीव गुंतलेला आहे, त्यांनी आपला एकमेव फोन अशा पेटीत ठेवू नये. पेटी तोडणे हाच जिथे उघडण्याचा मार्ग आहे तिथे तो धोका पत्करण्यात शहाणपण नाही. अशांसाठी फोनमधल्याच सोयी अधिक चांगल्या आहेत. ॲपलने २०१८ मध्ये 'स्क्रीन टाइम' आणि गूगलने त्याच वर्षी 'डिजिटल वेलबीइंग' आणले, आणि ॲपलच्या २०२१ मधल्या 'फोकस'मध्ये निवडक माणसांचे फोन तेवढे येऊ देऊन बाकी सगळे थांबवून ठेवता येते. असा विवेक पेटीला करता येत नाही, तिच्या लेखी सगळे फोन सारखेच बंद. नवऱ्याच्या पाळीच्या दिवशी त्याचा फोन आम्ही शेजारच्या खोलीत, कामाच्या ठिकाणचा क्रमांक वाजेल अशी व्यवस्था करून ठेवतो, आणि तो वाजला तर तो उठून जातो. ते कुणाला खुपत नाही. कारण माहीत असलेले उठणे आणि बसल्या जागी हरवून जाणे यांतला फरक आठ वर्षांच्या मुलीलाही कळतो. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचे मात्र विसरू नये. ते हातात ठेवून फोन पेटीत टाकण्याला काहीच अर्थ नाही.

फोन नुसता टेबलावर पालथा ठेवला तर पुरत नाही का, असे मला अनेकांनी विचारले. या प्रश्नावर झालेले संशोधन मी जेवढे वाचले आहे तेवढे प्रामाणिकपणे सांगते, कारण विक्रेत्यांच्या जाहिरातींत त्याची एकच बाजू येते. ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्यांना दहा मिनिटे बोलायला बसवले, काही जोड्यांच्या जवळ फोन ठेवला आणि काहींच्या जवळ वही. फोन असलेल्या जोड्यांना, विशेषतः विषय जिव्हाळ्याचा असताना, एकमेकांविषयी जवळीक कमी वाटली. हा प्रयोग पुढे फार गाजला, पण २०२१ मध्ये तो काळजीपूर्वक पुन्हा केला गेला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. दुसरीकडे, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीनशेहून अधिक माणसे आपल्या मित्रांसोबत किंवा कुटुंबासोबत रेस्टॉरंटमध्ये जेवली. ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांचे लक्ष अधिक विचलित झाले आणि त्यांना त्या सोबतीचा आनंद थोडा कमी मिळाला. परिणाम होता, पण मोठा नव्हता. माझा अनुभवही असाच सांगतो, की पालथा ठेवलेला फोन स्वतः काही करत नाही. बोलण्यातला पहिला लांब थांबा येईपर्यंत तो असला काय आणि नसला काय, सारखेच. थांबा आला की तो हाताशी असतो, एवढाच त्याचा उपद्रव, आणि वडिलांच्या बाबतीत तेवढाही पुरेसा होता.

टेबलाच्या खणात फोन ठेवण्याचा उपाय मी आधी करून पाहिला होता. खण उघडायला एक सेकंद लागतो. ज्यांना तो सेकंद पुरतो त्यांनी पैसे खर्च करू नयेत. २०१४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'योंडर' या कंपनीच्या चुंबकी कुलपाच्या पिशव्या कार्यक्रमांत आणि शाळांत वापरल्या जातात. फोन स्वतःजवळच राहतो पण पिशवी ठरलेल्या जागी जाऊनच उघडते. तिथे व्यवस्था पाहणारे कोणीतरी दारात असते. घरात तसे कोणी नसते, म्हणून घरासाठी वेळेवर चालणारे कुलूप मला अधिक योग्य वाटते.

आता पेटी जे करू शकत नाही त्याविषयी. सहाव्या महिन्यात कामावर एक कठीण काळ चालू होता. रोज संध्याकाळी फोन वेळेवर आत जात होते, खटका सरकत होता, मी वडिलांच्या समोर बसत होते, आणि माझ्या डोक्यात दिवसभराचे वाद पुन्हा पुन्हा चालू असत. मान योग्य ठिकाणी हलत होती. एक दिवस वडील बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "अगं, आज तू फोन घेऊन बसलीस तरी चालेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला काहीतरी त्रास होतो आहे हे ओळखून त्यांनी सुटका देऊ केली होती. मला त्याचे फार वाईट वाटले. पूर्वी निदान हातातला फोन पाहून त्यांना कळत असे की मी ऐकत नाही; आता रिकाम्या हातांनी मी त्यांना ऐकत असल्याचा भास देत होते आणि तो त्यांनी पुष्कळ दिवस सहन केला असणार.

त्या दिवशी मी त्यांना जे चालले होते ते सांगितले. ते ऐकताना त्यांनी मध्ये एकही सल्ला दिला नाही, एक-दोनदा माझेच शब्द परत उच्चारून "म्हणजे तुला विचारलंच नाही कुणी?" एवढे विचारले. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये 'सक्रिय श्रवण' ही कल्पना मांडली, तिच्यात हेच सांगितले आहे, की ऐकणाऱ्याने समोरच्याच्या शब्दांमागचा अर्थ आणि भावना स्वतःला बरोबर कळल्या आहेत का हे त्याच्यापाशी पडताळून पाहावे आणि निवाडा करण्याची घाई करू नये. वडिलांनी यातले काही वाचलेले नाही. पण त्यांच्यासमोर बसून मला पहिल्यांदा कळले की पूर्ण लक्ष मिळते तेव्हा बोलणाऱ्याला कसे वाटते. आपले वाक्य कुठे संपवायचे हे आपल्याला ठरवू दिले जाते, आणि त्यामुळे त्या वाक्याच्या पुढचेही सुचते. तेव्हापासून मन फारच भरकटलेले असेल तर मी फोन आत ठेवल्यावर लगेच सांगून टाकते, "आज माझं डोकं कामातच आहे, जरा वेळ द्या." हे सांगितल्यावर ते बहुतेक वेळा मलाच आधी बोलू देतात. मुलीला सांगितले तर ती पाच मिनिटांनी येऊन विचारते, "झालं का आता?" आणि पुष्कळदा झालेले असते.

अजून एक बारीकसा मुद्दा. काही घरांत अशी पेटी मुलांचे फोन काढून घेण्यासाठी आणली जाते आणि मोठ्यांचे फोन बाहेरच राहतात. पेटीच्या खोक्यावरचे चित्रही तसेच सुचवते. माझा त्याला विरोध आहे. मुलीच्या हातात फोन नव्हताच, पेटी माझ्यासाठी होती, आणि ती माझ्यासाठी आहे हे तिला माहीत असल्यामुळेच ती नॉब एवढ्या मनापासून दाबते. शिक्षा म्हणून लावलेल्या कुलपापाशी बसून कोणी मोकळेपणाने बोलेल, असे मला वाटत नाही.

घेणाऱ्यांना काही सूचना. अपारदर्शक डब्याची पेटी मिळाली तर तीच घ्यावी. घरातले सगळे फोन कव्हरसह मावतील एवढा आकार पाहावा, कारण एक फोन त्याच खोलीत बाहेर राहिला की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. सुरुवात वीस मिनिटांनी करावी. मी पहिल्याच दिवशी दोन तास लावले होते आणि शेवटचा एक तास सगळ्यांनी नुसती वाट पाहण्यात घालवला. आम्हाला पंचेचाळीस मिनिटे सोसतात, सुट्टीच्या दिवशी दीड तास. अकरा महिन्यांत सेल दोनदा बदलावे लागले. नॉब आता थोडा सैल झाला आहे आणि मिनिटे ठरवताना कधी कधी आकडा पुढे उडी मारतो, तेव्हा दाबण्यापूर्वी पडद्यावर मिनिटेच आहेत ना, तास नाहीत ना, हे मुलगी दोनदा वाचून दाखवते.